ऑस्करच्या हंगामात स्वतःचं मत कसं सांभाळावं

३ मार्च २०२५, पहाटे साडेपाच. पुण्यात मित्राच्या हॉलमध्ये सतरंजीवर आम्ही सहाजण, प्रत्येकाच्या मांडीवर एक कागद. पैज साधी होती: ज्याचे अंदाज सगळ्यात जास्त चुकतील त्याने सगळ्यांना मिसळ खिलवायची. मी खिलवली. सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीच्या ओळीत मी डेमी मूर लिहून बसलो होतो, कारण आठवडाभर आधीच तिला अमेरिकेतल्या अभिनेत्यांच्या संघटनेचा पुरस्कार मिळाला होता. पाकिटातून नाव निघालं 'अनोरा'तल्या मायकी मॅडिसनचं.

माझ्या कागदावर मात्र दोन रकाने होते. एकाच्या डोक्यावर 'मिळेल', दुसऱ्याच्या डोक्यावर 'मिळायला हवं'. दुसऱ्या रकान्यात 'आय ॲम स्टिल हिअर'मधल्या फर्नांडा टोरेसचं नाव होतं आणि त्याबद्दल मी आजही हटायला तयार नाही. हा लेख मुख्यतः त्या दुसऱ्या रकान्यासाठी आहे. जानेवारी ते मार्च एवढा गलका असतो की फेब्रुवारी उजाडेपर्यंत आपलं मत कुठलं आणि व्हॉट्सॲपवरून आलेलं कुठलं, हेच कळेनासं होतं. मी काही वर्षं एक पद्धत पाळतोय, ती २०२५ च्या हंगामाचा दाखला घेऊन सांगतो. साहित्य: एक दोनशे पानी वही, पेन्सिल, आणि ज्याच्याशी भांडून मैत्री टिकते असा एक तरी माणूस.

पायरी १: कॅलेंडर मेपासून मांडा

सोहळा मार्चमध्ये असला तरी हंगाम सुरू होतो मे महिन्यात, फ्रान्सच्या कान चित्रपट महोत्सवात. 'अनोरा'ला मे २०२४ मध्ये तिथे पाम द'ऑर, म्हणजे पहिला पुरस्कार, मिळालं. त्याच वर्षी पायल कपाडियाच्या 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट'ला ग्राँ प्री, म्हणजे दुसरा पुरस्कार, मिळालं. तिथल्या मुख्य स्पर्धेत भारतीय चित्रपट तब्बल तीस वर्षांनी पोचला होता. ऑगस्टअखेर ते सप्टेंबर व्हेनिस, टेल्युराइड, टोरोंटो. 'द ब्रूटलिस्ट'चं नाव झालं ते व्हेनिसमध्ये, ब्रेडी कॉर्बेटला दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाल्यावर. मग डिसेंबरात काही विभागांच्या पंधरा-पंधरा नावांच्या छोट्या याद्या आणि जानेवारीत नामांकनं.

वहीच्या पहिल्या पानावर या तारखा लिहा आणि शेजारी आपल्याकडचे महोत्सव मांडा: ऑक्टोबरात मुंबईचं मामी, नोव्हेंबरात गोव्याचा इफ्फी, हिवाळ्यात पुण्याचा पिफ. २०२४ चं मामी सुरूच झालं ते 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट'ने. महोत्सवात पाहिलेल्या चित्रपटाला अजून पोस्टरवरची सोनेरी पानं चिकटलेली नसतात. रांगेत पाय दुखतात, पण कोरी नजर मिळते ती तिथेच.

पायरी २: 'ऑस्करच्या शर्यतीत' या बातमीची सालं काढा

दर जानेवारीत आपल्या वर्तमानपत्रांत एक मथळा येतो: अमुक भारतीय चित्रपट ऑस्करच्या शर्यतीत! घाईने स्टेटस ठेवू नका. तीन वेगवेगळे दरवाजे आहेत आणि मथळेवाले तिन्हींना एकच चौकट बसवतात.

पहिला दरवाजा पात्रतेचा. लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क, शिकागो अशा ठरलेल्या सहा अमेरिकी महानगरांपैकी एकात सात दिवस थिएटरात खेळ लावले आणि कागदपत्रं भरली की चित्रपट पात्र यादीत येतो. २०२५ च्या सोहळ्यासाठी अशा यादीत ३२३ चित्रपट होते. सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या विभागासाठी अटी आणखी कडक आहेत, त्यामुळे तिथे २०७ उरले. म्हणजे 'शर्यतीत' या शब्दाचा अर्थ बऱ्याचदा 'अर्ज भरला' एवढाच असतो.

दुसरा दरवाजा आंतरराष्ट्रीय चित्रपटाचा. इथे प्रत्येक देश एकच चित्रपट पाठवतो आणि आपल्याकडे ती निवड फिल्म फेडरेशन ऑफ इंडिया करतं. याच वाटेने आपले 'श्वास' (२००४), 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' (२००९) आणि 'कोर्ट' (२०१५) गेले. 'श्वास'च्या वेळी तर अमेरिकेत प्रचार करायला पैसे हवेत म्हणून लोकांनी वर्गणी काढली होती. त्यातला एकही अंतिम पाचांत पोचला नाही. २०२४ मध्ये आपण 'लापता लेडीज' पाठवला, तो पंधरांच्या यादीतही आला नाही; आला तो ब्रिटनने पाठवलेला, हिंदीत बोलणारा 'संतोष'. 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट' फ्रान्सच्याही विचारात होता, कारण त्यात फ्रेंच पैसा होता. फ्रान्सने निवडला 'एमिलिया पेरेझ'. एकच चित्रपट दोन देशांच्या दारातून परत आला. माझी कुरकुर अजून संपलेली नाही.

तिसरा दरवाजा नामांकन. इथे पोचलं तरच पेढे.

पायरी ३: सगळं पाहायचा हट्ट सोडा

दहा चित्रपट सर्वोत्कृष्टच्या यादीत, शिवाय परदेशी, माहितीपट, ॲनिमेशन. नोकरी आणि घर सांभाळून सगळं होत नाही. झालंच तर शेवटचे चार आपण फक्त संपवायला बघतो. मी साधारण सात निवडतो. सगळ्यात जास्त नामांकनांचा एक. पटकथेचं नामांकन आहे पण बाकी फारसं काही नाही असा एक. परदेशी भाषेतला एक. ॲनिमेशनचा एक. ज्याला फक्त ध्वनी किंवा छायाचित्रण अशा तांत्रिक खात्यात बोलावलंय असा एक. उरलेले दोन मनाला येतील ते.

क्रम महत्त्वाचा. लांबलचक, मोठ्या चौकटीत चित्रित केलेले चित्रपट थिएटरात, बोलके चित्रपट घरी. 'द ब्रूटलिस्ट' व्हिस्टाव्हिजनमध्ये चित्रित झालाय. त्या पद्धतीत कॅमेऱ्यातून फिल्म उभी न धावता आडवी धावते आणि प्रत्येक चौकटीला जास्त जागा मिळते. तो लॅपटॉपवर पाहणं म्हणजे पैठणी पिशवीतूनच चाचपण्यासारखं. उलट 'कॉन्क्लेव्ह' घरी पाहिला तरी बिघडत नाही: बंद दारं, कुजबुज आणि चेहरे.

आपल्याकडे हे चित्रपट जानेवारी-फेब्रुवारीत येतात, आठवडाभर टिकतात, आणि खेळ असतो सकाळी पावणेदहाचा नाही तर रात्री साडेदहाचा. गुरुवारी संध्याकाळी पुढच्या आठवड्याचे खेळ तपासायची सवय लावा. शुक्रवारी बघू म्हणाल तर सोमवारी तो उतरलेला असेल. माझे असे दोन हुकलेत.

पायरी ४: आत जाण्याआधी एक ओळ लिहा

परीक्षणं वाचू नका, ट्रेलर एकदाच बघा. मग वहीत तारीख टाकून एकच ओळ: 'मला काय वाटतंय की हा चित्रपट कसा असेल?' ही ओळ नंतर फार कामाला येते. 'अनोरा'च्या आधी मी लिहिलं होतं: 'श्रीमंत पोराशी लग्न, मग रडारड.' अर्धं चुकलं. मधला तो घरातला लांब गोंधळ पाहताना मी पोट धरून हसत होतो.

पायरी ५: तासाभरात चार नोंदी

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी. चित्रपट संपल्यावर कुणाशी बोलायच्या आत, रिक्षात किंवा पार्किंगमध्ये, चार गोष्टी लिहायच्या: डोळ्यांसमोर राहिलेली एक वस्तू, कानात राहिलेला एक आवाज, कंटाळा आला ती जागा, आणि एक प्रश्न. 'छान', 'अप्रतिम', 'भन्नाट' हे शब्द त्या पानावर बंद. माझीच तीन पानं दाखवतो.

'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट'. वस्तू: लाल राइस कुकर. मुंबईत नर्स असलेल्या प्रभाचा नवरा जर्मनीत आहे आणि त्याचा फोनही येत नाही. एक दिवस पार्सल येतं, पत्र नाही, नाव नाही, फक्त जर्मनीत बनलेला नवाकोरा कुकर. रात्री ती स्वयंपाकघरात जमिनीवर बसते आणि त्या कुकरला मिठी मारते. एक शब्द नाही. कनी कुसृतीचा चेहराही धड दिसत नाही, आणि तिच्या लग्नाबद्दल सगळं कळतं. आवाज: सुरुवातीला लोकलच्या गर्दीवर येणारे अनोळखी माणसांचे आवाज, वेगवेगळ्या भाषांतले. कंटाळा: रत्नागिरीला पोचल्यावर थोडा वेळ. प्रश्न माझा नाही, आईचा. छाया कदमची पार्वती बावीस वर्षं त्या चाळीत राहते, नवरा गिरणीत होता म्हणून मिळालेली जागा, आणि आता बिल्डर म्हणतो कागद दाखवा. आई गिरगावात वाढलेली. ती अंधारात एवढ्या मोठ्याने म्हणाली की पुढच्या रांगेने मागे वळून पाहिलं: "रेशनकार्ड तरी असेल की गं तिच्याकडे!" मी तेच वाक्य लिहून घेतलं. त्या हंगामात या चित्रपटावर मी बरंच वाचलं, पण चित्रपट नेमका कुठे बोट ठेवतो ते याहून थोडक्यात कुणी सांगितलं नाही.

'द ब्रूटलिस्ट'. वस्तू: उलटी दिसणारी स्वातंत्र्यदेवता. बोटीच्या अंधारातून धडपडत वर आलेल्या माणसाला अमेरिका पहिल्यांदा दिसते ती डोकं खाली, पाय वर. पुढचे तीन तास तेच उलगडत जातात. आवाज: डॅनियल ब्लूमबर्गच्या संगीतातली ती चार स्वरांची ललकारी. कंटाळा: दुसरा भाग, विशेषतः शेवटचं प्रकरण, जिथे चित्रपट स्वतःच स्वतःचा अर्थ सांगायला लागतो. प्रश्न: एवढा मोठा माणूस दाखवला, पण त्याच्या बायकोला इतक्या उशिरा का आणलं? आणि एक टिप्पणी समासात: २१५ मिनिटांच्या या चित्रपटात दिग्दर्शकाने स्वतःच पंधरा मिनिटांचं मध्यंतर ठेवलंय, पडद्यावर घड्याळ उलटं धावतं. परदेशी समीक्षकांना त्याचं केवढं अप्रूप! आपण जन्मभर मध्यंतरातच वाढलो. फरक एवढाच की आपल्याकडे इंग्रजी चित्रपट कुठेही, अगदी वाक्याच्या मध्ये कापून समोशाची पाटी लावतात. इथे ती जागा चित्रपटातच बांधलेली होती.

'अनोरा'. आवाज: गाडीच्या वायपरची खरखर. शेवट फोडत नाही. बाहेर बर्फ, आत गाडीत दोन माणसं, आणि वायपर चालूच. श्रेयनामावली सुरू झाली तरी संगीत येत नाही, तोच आवाज राहतो. दोन तास धिंगाणा घालणाऱ्या चित्रपटाने ऐन वेळी आपल्या हातातून गाणं काढून घेतलं. थिएटरात दिवे लागले तरी मागच्या रांगेतली पोरं उठली नव्हती.

पायरी ६: आठवडा जाऊ द्या, मग तीन प्रश्न वेगळे करा

ताज्या मतावर पैज लावू नये. सात दिवसांनी तेच पान उघडा आणि तीन वेगळ्या ओळींत लिहा: मला आवडला का? चांगला बनलाय का? जिंकेल का? ही तीन उत्तरं वेगवेगळी येऊ शकतात आणि बहुतेक वाद या तिन्हींची खिचडी केल्यामुळे होतात.

'एमिलिया पेरेझ' मला आवडला नाही. मेक्सिकोच्या बेपत्ता माणसांचा विषय घेऊन त्यावर गाणी रचणं याला माझा आक्षेप नाही. गाणी पात्रांच्या तोंडी न येता लेखकाच्या तोंडी आली, हा आक्षेप. पण झोई साल्डान्या उत्तम होती, हे त्याच पानावर लिहावं लागलं. तेरा नामांकनांपैकी दोन पुरस्कार मिळाले, त्यातला एक तिचा.

'आय ॲम स्टिल हिअर'चं उलटं. पहिल्या दिवशी मी लिहिलं होतं, 'संथ.' आठवड्याने त्या पानाखाली भर घातली. १९७१ मध्ये ब्राझीलची लष्करी राजवट एका माजी खासदाराला चौकशीला म्हणून नेते आणि तो परत येत नाही. वॉल्टर सॅलेस दाखवत राहतो ते मागे उरलेलं घर: पडदे ओढलेले, पोरांची जेवणं व्हायचीत, आणि आई वर्तमानपत्राच्या फोटोसाठी मुलांना सांगते, हसा. फर्नांडा टोरेस एकदाही हंबरडा फोडत नाही. म्हातारपणीची तीच बाई रंगवलीय तिच्या खऱ्या आईने, फर्नांडा मोंटेनेग्रोने, जिला सॅलेसच्याच चित्रपटासाठी १९९९ मध्ये हेच नामांकन मिळालं होतं. तिलाही मिळालं नाही, लेकीलाही नाही. चित्रपटाला आंतरराष्ट्रीय विभागाचं ऑस्कर मिळालं, ब्राझीलचं पहिलं. माझा दुसरा रकाना इथे भरला.

पायरी ७: तांत्रिक खाती कशी पाहायची

लोक चहा प्यायला उठतात ते या पुरस्कारांच्या वेळी. दोन सोपे प्रयोग करून बघा. घरी पाहत असाल तर तीन मिनिटं आवाज बंद करा आणि प्रत्येक कटला टेबलावर टिचकी मारा. 'अनोरा'चं संकलन शॉन बेकरने स्वतः केलंय. त्या रात्री चित्रपट, दिग्दर्शन, मूळ पटकथा आणि संकलन अशी चार ऑस्कर घेऊन गेला तो, त्यातलं चित्रपटाचं सहनिर्मात्यांबरोबर. टिचक्यांची लय घराच्या गोंधळात कुठे बदलते ते बोटांना आपोआप कळतं.

दुसरा प्रयोग: डोळे मिटून पाच मिनिटं. यासाठी 'फ्लो' घ्या. लॅटव्हियाचा, पाऊण तासाहून थोडा जास्त असेल असं वाटायला लावणारा पण प्रत्यक्षात दीड तासाला थोडा कमी, एकही संवाद नसलेला. मांजर, कुत्रा, कॅपिबारा (दक्षिण अमेरिकेतला उंदराच्या जातीचा मोठा प्राणी), पूर. ब्लेंडर या फुकट सॉफ्टवेअरवर बनवला आणि मोठ्या स्टुडिओंना मागे टाकून ॲनिमेशनचं ऑस्कर घेतलं. आवाज खऱ्या प्राण्यांचे आहेत. कॅपिबाराचा खरा आवाज मात्र फार किनरा, म्हणून त्याच्यासाठी उंटाच्या पिल्लाचा वापरलाय. डोळे मिटलेत तर ही लबाडी आवडायला लागते.

वेशभूषेच्या वेळी तरी उठू नका. भारतात आलेलं पहिलं ऑस्कर याच खात्यातलं: १९८३, 'गांधी', आणि नाव भानू अथय्या, मूळच्या कोल्हापूरच्या. २०१२ मध्ये त्यांनी ती बाहुली जपून राहावी म्हणून ऑस्कर देणाऱ्या अकादमीकडेच परत ठेवायला दिली.

पायरी ८: आता 'मिळेल'चा रकाना

हा निव्वळ हिशेब आहे, त्यात मन घालू नये. बहुतेक नामांकनं त्या-त्या शाखेतले लोक करतात: अभिनेते अभिनेत्यांना, संकलक संकलकांना. अंतिम फेरीत सुमारे दहा हजार सदस्य सगळ्याच विभागांत मत देतात. बाकी सगळीकडे ज्याला जास्त मतं तो जिंकतो. सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी पसंतीक्रम लावावा लागतो.

समजा नऊ मित्र सहलीचं ठरवतायत. चौघांची पहिली पसंती गोवा, तिघांची महाबळेश्वर, दोघांची तारकर्ली. निम्म्याहून जास्त मतं कुणालाच नाहीत. मग सगळ्यात मागे असलेलं तारकर्ली बाद आणि त्या दोघांची दुसरी पसंती मोजायची. दोघांनीही दुसरं नाव महाबळेश्वर लिहिलं असेल तर पाच मतांनी महाबळेश्वर पक्कं, गोव्याला पहिली मतं जास्त असूनही. म्हणून काहींचा फार लाडका आणि काहींच्या डोक्यात जाणारा चित्रपट या खात्यात अडखळतो. बऱ्याच जणांच्या दुसऱ्या-तिसऱ्या नंबरावर असलेला पुढे सरकतो.

आता आधीच्या पुरस्कारांचं वजन. गोल्डन ग्लोबचे मतदार पत्रकार आहेत, त्यांचा अकादमीशी संबंध नाही, म्हणून तिथला निकाल हवा तयार करतो, अंदाज देत नाही. तिथे 'द ब्रूटलिस्ट' आणि 'एमिलिया पेरेझ' जिंकले होते. निर्मात्यांची संघटना मात्र पसंतीक्रमानेच मोजते. ८ फेब्रुवारी २०२५ ला निर्माते आणि दिग्दर्शक, दोन्ही संघटनांनी 'अनोरा'ला कौल दिला. त्या रात्रीच मी तो रकाना भरला. 'कॉन्क्लेव्ह'ने नंतर ब्रिटनचा बाफ्टा आणि अभिनेत्यांच्या संघटनेचा समूह पुरस्कार घेतला तरी मी खोडलं नाही, कारण त्याच्या दिग्दर्शकाला ऑस्करचं नामांकनच नव्हतं.

आणि माझी चूक? अकादमीचं अंतिम मतदान ११ ते १८ फेब्रुवारी होतं. बाफ्टा १६ तारखेला, मतदान चालू असताना. तिथे मॅडिसन जिंकली. अभिनेत्यांच्या संघटनेचा सोहळा २३ तारखेला, पेट्या बंद झाल्यावर, तिथे मूर. मी शेवटची बातमी सगळ्यात वजनदार मानली. तारखा पहिल्या पानावर लिहिलेल्या असूनही! म्हणून आता मतदानाची मुदत मी लाल पेनने लिहितो.

पायरी ९: प्रचाराचा धुरळा

दर हंगामात काहीतरी फुटतं. तेव्हा 'द ब्रूटलिस्ट'मधले हंगेरियन उच्चार कृत्रिम बुद्धिमत्तेने घासूनपुसून घेतल्याचं बाहेर आलं, तर 'एमिलिया पेरेझ'च्या नायिकेच्या जुन्या आक्षेपार्ह पोस्ट वर आल्या. अशा बातमीची नोंद 'मिळेल'च्या रकान्यात करा, तिथे फरक पडतो. दुसऱ्या रकान्यात हात घालायच्या आधी चित्रपटाच्या पानावरच्या चार नोंदी पुन्हा वाचा. उच्चारांच्या बातमीने माझी 'द ब्रूटलिस्ट'चा नायक एड्रियन ब्रॉडीबद्दलची एक ओळ खरंच बदलली. दुसऱ्या बातमीने काहीच नाही. गाणी मला आधीच खटकली होती.

पायरी १०: सोहळ्याची पहाट

दोन्ही रकाने आदल्या रात्री पेनने पक्के करा. पहाटे पेन्सिल हातात असली की माणूस खोडतो, मी पाहिलंय. २०२६ पासून कास्टिंगचा नवा पुरस्कार आहे, त्याची ओळ घाला. आणि सदस्यांनी ज्या विभागात मत द्यायचं त्यातले सगळे नामांकित चित्रपट पाहिलेच पाहिजेत असा नियमही आलाय. इतकी वर्षं तो नव्हता, हे वाचून मी वही मिटून पाच मिनिटं गप्प बसलो होतो.

वेळ नीट बघा. सोहळा मार्चच्या पहिल्या आठवड्यात असला तर आपल्याकडे पहाटे साडेपाच. मधल्या आठवड्यात गेला, जसा २०२६ मध्ये १५ मार्चला, तर अमेरिकेतली घड्याळं तोवर तासाने पुढे गेलेली असतात आणि आपल्याकडे १६ तारखेचे पहाटेचे साडेचार वाजतात. त्या वेळी दूधवाला आलेला नसतो. दूध आदल्या रात्रीच आणून ठेवा, आणि मिसळवाल्याला विचारून घ्या किती वाजता उघडतो.